चांदी, सोनं आणि चिनी माती : दाढेतल्या एका खड्ड्याचा इतिहास

आज आपण फार मोठ्या विषयावर बोलणार नाही आहोत. विषय आहे दाढेतला एक खड्डा. दाढेला कीड लागते, डॉक्टर ती कोरून काढतात, आणि मागे खड्डा उरतो. तो कशाने भरायचा? गेली दोनशे वर्षं दंतवैद्य या एका प्रश्नावर भांडत आले आहेत. हे भांडण नुसतं रंगाचं किंवा पैशाचं नव्हतं. खड्डा भरण्यासाठी दाताचा किती चांगला, निरोगी भाग आणखी कापायचा, हा त्यातला खरा मुद्दा होता. एकदा कापलेला दात परत वाढत नाही.

आपल्याकडे घरोघरी म्हणतात, "दाढेत चांदी भरून घेतली." ही चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं यांची भुकटी. म्हणजे नाव चांदीचं आणि मोठा वाटा पाऱ्याचा. अलीकडे दवाखान्यात दुसरा पर्यायही ऐकू येतो, "सिरॅमिकचा तुकडा बसवू या." खड्ड्याच्या मापाचा तुकडा तोंडाबाहेर तयार करायचा आणि आत चिकटवायचा. त्याला इन्ले म्हणतात. तो दाढेचे उंचवटेही झाकत असेल, तर ऑनले. बऱ्याच जणांना हे अगदी नवं तंत्र वाटतं. प्रत्यक्षात चिनी मातीचा इन्ले १८८० च्या दशकातला आहे.

मग प्रश्न असा, की ही गोष्ट शंभर वर्षं मागे का राहिली? आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. कमी चिनी मातीत होतीच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. तिला दाताशी जोडणारं काही नव्हतं. दगड होता, चुना नव्हता.

आता क्रमाने जाऊ.

चिनी माती दातांच्या कामात आली ती कवळीच्या रूपाने. युरोपला खरी चिनी माती बनवण्याचं कोडं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत, माइसेनला उलगडलं. फ्रान्सला तर त्यासाठी लागणारी पांढरी माती, म्हणजे केओलिन, आपल्या भूमीत सापडली ती १७६८ च्या सुमारास, लिमोझ शहराजवळ. त्यानंतर सहाच वर्षांनी, १७७४ मध्ये, पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ-आँ-ले गावचा अलेक्सी द्युशातो नावाचा औषधविक्रेता स्वतःच्या कवळीला कंटाळला. त्या काळी कवळ्या पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दातांतून कोरत. हा पदार्थ तोंडात डाग धरतो, कुजतो, वास मारतो. दुकानातल्या औषधांची चव घेता घेता त्याच्या कवळीत ते सगळे वास मुरले होते. दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र रोज धुतली की स्वच्छ. तेव्हा त्याने विचार केला, की कवळीच या मातीची का करू नये?

पहिले प्रयत्न फसले, कारण चिनी माती भट्टीत आकसते. मापाने बनवलेली कवळी बाहेर येताना लहान होऊन यायची. पुढे निकोला द्युब्वा द शेमां या पॅरिसच्या दंतवैद्याने ते काम हाती घेतलं, मिश्रण सुधारलं, १७८८ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली आणि राजाकडून पेटंट मिळवलं. द्युशातोने तक्रार केली, पण निकाल द शेमांच्या बाजूने लागला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत द शेमां लंडनला गेला आणि तिथे त्याचा धंदा जोरात चालला.

स्लाइडवर जे चित्र आहे ते थॉमस रोलंडसन या इंग्रज व्यंगचित्रकाराचं, १८११ सालचं. एक फ्रेंच दंतवैद्य एका जाड बाईचं तोंड उघडून तिचे चिनी मातीचे दात गिऱ्हाइकाला दाखवतो आहे. चित्र टिंगलीचं आहे, पण त्यावरून एवढं कळतं, की १८११ पर्यंत हे दात लंडनमध्ये विनोद करण्याइतके माहितीचे झाले होते. त्याच सुमारास, १८०८ मध्ये, पॅरिसमध्ये जुझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने सुटा एकेक दात बनवून त्यात प्लॅटिनमची टाचणी बसवली. म्हणजे चिनी माती तोंडात टिकते, डाग धरत नाही, दातासारखी दिसते, हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झालेलं होतं.

पण ही गोष्ट पडलेल्या दातांची झाली. किडलेला पण अजून जागेवर असलेला दात वाचवायचा, तर काय करायचं? तिथे चिनी माती नव्हती. तिथे होतं सोनं, आणि लवकरच आला पारा.

सोन्याचं फिलिंग म्हणजे सोन्याचे अगदी पातळ वर्ख खड्ड्यात थरावर थर ठोकून बसवायचे. उत्तम काम असेल तर ते अनेक दशकं टिके. पण त्याला तासन्तास लागत, पेशंटला ठोके सहन करावे लागत आणि खर्च श्रीमंतालाच परवडे. १८२६ मध्ये पॅरिसच्या ऑग्युस्त तावोने चांदी आणि पारा यांचा लगदा दात भरायला सुचवला. अशी कल्पना जगात पहिल्यांदाच आली असं मात्र नाही. सातव्या शतकातल्या चिनी औषधग्रंथातही चांदीच्या अशा लगद्याचा उल्लेख आहे. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे बंधू हा लगदा घेऊन न्यूयॉर्कला पोचले. त्यांनी त्याला भारदस्त नाव दिलं होतं, 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे सोन्याच्या जागी चालणारं राजेशाही खनिज. कीड नीट न काढता लगदा दाबून बसवायचा आणि पैसे घ्यायचे, अशी त्यांची ख्याती झाली.

पुढे जे झालं त्याला इतिहासात 'अमाल्गम युद्ध' म्हणतात. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सने पुढच्या काही वर्षांत सभासदांकडून लिहून घेतलं, की आम्ही अमाल्गम वापरणार नाही. ज्यांनी सही केली नाही त्यांना वाळीत टाकलं. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं खरं होतं. पारा विषारी आहे ही शंका रास्त होती. सुरुवातीचं अमाल्गम भरल्यानंतर फुगायचं आणि कधी कधी त्याने दातच तडकायचा, हेही खरं. पण सोनं न परवडणाऱ्या माणसापुढे दुसरा मार्ग होता तो दात उपटून टाकण्याचा! सभासद पाहत होते, की अमाल्गममुळे गरिबाची दाढ वाचते. शेवटी सोसायटीच फुटली आणि १८५६ मध्ये बंद पडली. अमाल्गम राहिलं. १८९५ मध्ये जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचं प्रमाण असं बसवून दिलं, की फुगणं आटोक्यात आलं.

या ब्लॅकसाहेबांकडे जरा थांबू, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी जोडलेलं आहे. अमाल्गम दाताला चिकटत नाही. मग ते पडत का नाही? कारण खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरलेला असतो. मऊ लगदा आत भरला, घट्ट झाला, की तो बाहेर निघू शकत नाही. तोंड निमुळतं असलेल्या मडक्यात ओला गारा भरून वाळू द्यावा, तसं. हे कुलूप तयार करायला निरोगी दात कापावा लागतो. शिवाय ब्लॅक यांचा नियम होता, की किडीच्या आजूबाजूच्या, कीड लागू शकेल अशा खाचाही आधीच कोरून घ्याव्यात. त्या काळच्या मानाने तो विचार शहाणपणाचा होता, आणि त्याने असंख्य दात वाचवले. पण प्रत्येक दातामागे चांगल्या भागाची किंमत मोजली गेली.

आता चार्ल्स हेन्री लँड. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला हा दंतवैद्य. पुढे १९२७ मध्ये ज्याने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला, तो चार्ल्स लिंडबर्ग याचा नातू, मुलीचा मुलगा. लिंडबर्गचा जन्म आजोबांच्या डेट्रॉइटमधल्या घरीच झाला आणि लहानपणी तो आजोबांच्या प्रयोगशाळेत रमत असे.

लँडच्या आधीही प्रयत्न झाले होते. जर्मनीत हर्ब्स्टने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेची पूड वितळवून खड्ड्याच्या मापाचे तुकडे केले. पण काच तोंडात टिकेना. चिनी माती वितळवायला फार मोठी उष्णता लागते, आणि दातात तर भट्टी लावता येत नाही. मग नेमकं माप तोंडातून भट्टीपर्यंत न्यायचं कसं? लँडने यावर साधा उपाय काढला. प्लॅटिनमचा पातळ वर्ख, सुमारे एक इंचाचा हजारावा भाग जाडीचा, कोरलेल्या खड्ड्यात दाबून, घासून बसवायचा. तो हुबेहूब खड्ड्याचा आकार घेतो. मग तो अलगद बाहेर काढायचा आणि त्या इवल्याशा वाटीत चिनी मातीची ओली पूड भरून भट्टीत घालायची. प्लॅटिनमच का? कारण सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि प्लॅटिनम १७६८ अंशांना. चिनी माती वितळून एकजीव होते तेव्हा सोन्याची वाटी केव्हाच पाणी झालेली असती.

अर्थात आकसण्याचं जुनं दुखणं होतंच. भाजताना पूड आकारमानाने साधारण एक तृतीयांशाने घटते. मग भेगा पडत, त्या पुन्हा पूड भरून बुजवायच्या, पुन्हा भाजायचं. दोनदा, तीनदा. शेवटी वर्ख सोलून टाकायचा आणि तुकडा सिमेंटने दातात बसवायचा. लँडने आपल्या पद्धतींची पेटंटं घेतली आणि पुढे पूर्ण दातावर बसणारी चिनी मातीची टोपी, म्हणजे आजच्या भाषेत कॅप, हीसुद्धा त्याच मार्गाने केली. पुढच्या दातांवर हे काम इतकं बेमालूम दिसे, की लोक चकित होत. हसताना सोनं दिसावं हे सगळ्यांनाच नको होतं.

आता इथे कुणालाही वाटेल, की झालं, प्रश्न सुटला. तसं झालं नाही. का, ते नीट समजून घेऊ.

पहिलं कारण पदार्थाचं. चिनी माती दाबाला मजबूत असते, ताणाला कमकुवत. कपावर वजन ठेवा, काही होत नाही. कप पडू द्या, तुकडे होतात. दाढेवर चावताना दाबही येतो आणि वाकवणारा ताणही येतो. पातळ कडा तर लगेच टवका निघून जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अमाल्गम मऊ असताना आत भरतात, म्हणून ते आतल्या रुंद भागात अडकून बसतं. इन्ले तयार, कडक तुकडा असतो. तो बाहेरून आत सरकवायचा, तर खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद हवा. म्हणजे कुलूप उलटं झालं. तुकडा जसा आत जातो तसाच बाहेर येऊ शकतो. त्याला धरून ठेवायचं काम सिमेंटचं. त्या वेळचं झिंक फॉस्फेटचं सिमेंट दाताला खऱ्या अर्थाने चिकटत नव्हतं. फटीतल्या खडबडीतपणात ते फक्त अडकून बसे. लाळेत कडेकडेने हळूहळू विरघळे. अपारदर्शक असल्यामुळे कडेला रेघ दिसे. सिमेंट गेलं की फट, फटीत अन्नकण, आणि त्यात पुन्हा कीड. शिवाय नुसत्या सिमेंटवर ठेवलेल्या ठिसूळ तुकड्याला खालून आधार नसतो. हलक्या फरशीखाली पोकळी राहिली, की पाय पडताच ती तडकते, तसाच प्रकार.

त्यात १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यातून सोन्याचा इन्ले ओतण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये मांडली. आपले मूर्तिकार मेण वितळवून धातूची मूर्ती ओततात, तत्त्व तेच. सोन्याचा तुकडा चपखल बसे आणि फुटत नसे. दाढांमधून चिनी माती मागे पडली. ती राहिली पुढच्या दातांवर आणि कॅपमध्ये. पुढची पन्नास वर्षं दाढा भरल्या गेल्या त्या मुख्यतः अमाल्गमने, आणि ऐपत असेल तर सोन्याने.

या कोंडीतून वाट निघाली ती चिकटवण्याच्या रसायनातून.

१९५५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथे मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला माहीत होतं. त्याने तेच दाताच्या इनॅमलवर अर्धा मिनिट लावलं आणि धुतलं. इनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी भरून गेला. त्यावर प्लॅस्टिकसारखं रेझिन लावलं, की ते छिद्रांत शिरून घट्ट होई आणि निघेना. दाताला चिकटता येतं, हे या प्रयोगाने पहिल्यांदा भरवशाने दिसलं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या नव्या रेझिनचं पेटंट झालं, आणि त्यातूनच आजचं दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट फिलिंग आलं.

आता दाताची बाजू जोडता आली, पण चिनी मातीची बाजू बाकी होती. गुळगुळीत काचेला रेझिन धरत नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्सन आणि कॅलामिया यांनी दाखवलं, की चिनी मातीची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत केली, त्यावर सिलेन नावाचं जोडरसायन लावलं, की रेझिन तिलाही घट्ट धरतं. म्हणजे एका बाजूला आम्लाने उकरलेला दात, दुसऱ्या बाजूला आम्लाने उकरलेली चिनी माती आणि मधे रेझिन. लँडच्या तुकड्याला त्याचा चुना मिळायला शतक लागलं.

याचा परिणाम दुहेरी झाला. एक तर तुकडा निखळायचा थांबला. दुसरं म्हणजे, ठिसूळ तुकडा आता सगळीकडून दाताला चिकटलेला असल्यामुळे जोर दाताकडे वाटला जाऊ लागला आणि तो फुटणं कमी झालं. आणि आपल्या मूळ मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, कुलपासाठी निरोगी दात कोरण्याची गरज उरली नाही. पूर्वी ज्या दाढेला पूर्ण कॅपच घालावी लागली असती, तिथे कमकुवत झालेला भागच झाकून चांगल्या भिंती तशाच ठेवणं शक्य झालं.

मग स्वित्झर्लंड. झुरिक विद्यापीठातले वेर्नर म्योर्मान यांना दाढांमधल्या कॉम्पोझिटची चिंता होती. कॉम्पोझिट घट्ट होताना आकसतं, कडेला फट पडते. त्यांचा विचार असा होता, की बहुतेक खड्डा आधीच तयार असलेल्या, न आकसणाऱ्या तुकड्याने भरला तर आकसायला उरेल फक्त चिकटवणारा पातळ थर. पण तुकडा त्याच बैठकीत बनवायचा कसा? विद्युत अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांच्यासोबत त्यांनी खड्ड्याचं माप कॅमेऱ्याने घेणारं आणि चिनी मातीच्या ठोकळ्यातून तुकडा कोरणारं यंत्र बनवलं. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यावर बनलेला पहिला इन्ले रुग्णाच्या दाढेत बसला. भट्टी, वर्ख, आकसणं, तिन्ही गोष्टी दवाखान्यातून बाद झाल्या. ठोकळा कारखान्यातच भाजून आलेला असतो. पुढे लिथियम डायसिलिकेटसारखी सिरॅमिकं आली. वाकवणारा ताण सोसण्याची त्यांची ताकद जुन्या चिनी मातीच्या साधारण पाचपट आहे.

इकडे अमाल्गमची बाजूही बदलत होती. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माणसं अपंग झाली, मेली. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तिथला पारा आणि दाढेतला पारा यांचं रसायन वेगळं आहे, ही गल्लत करू नये. पण पारा एकदा गटारात, नदीत गेला की त्याचं काय होतं, हे जगाला त्या गावाने शिकवलं. २०१३ चा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार त्याच गावाच्या नावाने आहे. त्यात दातांतल्या अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याचं कलम आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. नॉर्वे आणि स्वीडन यांनी आधीच बंदी घातली होती, आणि १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात काही वैद्यकीय अपवाद सोडले तर अमाल्गम बंद झालं.

व्याख्यानाआधी काही श्रोत्यांनी विचारलं, की मग आमची जुनी चांदी काढून टाकायची का? फिलिंग शाबूत असेल तर केवळ पाऱ्याच्या भीतीने काढू नये, असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. काढताना पाऱ्याची वाफ जास्त निघते आणि त्यासोबत थोडा चांगला दातही जातो. इथेही हिशेब त्याच गोष्टीचा आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. चिनी मातीचा तुकडा बसवायला वेळ लागतो, दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, यंत्र किंवा प्रयोगशाळा लागते. चांदी एका बैठकीत, कमी पैशात, थोड्या ओलाव्यातही बसते. म्हणूनच ती दीडशेहून जास्त वर्षं टिकली. १८४० च्या दशकात ज्यांनी अमाल्गम न वापरण्याची शपथ घेतली, त्यांनी पाऱ्याचा धोका ओळखला, पण सोनं न परवडणाऱ्याच्या दाढेचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आज चांदी जाते आहे तेव्हा तो प्रश्न पुन्हा आपल्यासमोर आहे. लहान खड्ड्याला कॉम्पोझिट किंवा काचेच्या पुडीचं सिमेंट चालतं. मोठ्या खड्ड्याला सिरॅमिक उत्तम, पण तो खर्च सरकारी दवाखान्यातल्या रांगेतल्या माणसाने कसा पेलायचा, हे अजून ठरायचं आहे.

तोवर, पुढच्या वेळी दवाखान्यातल्या खुर्चीत बसाल तेव्हा "चांदी की सिरॅमिक?" असं विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, "डॉक्टर, यासाठी माझा चांगला दात किती कापावा लागेल?" दोनशे वर्षांच्या या इतिहासातून आपण एवढा एक प्रश्न बरोबर न्यावा, असं आम्हाला वाटतं.

आता आपण प्रश्न घेऊ.